थोरल्याच्या वहाणा

आमच्याकडं पलटणीत जाणं म्हणजे परक्यात जाणं नव्हतं. पाटणच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात एका घराआड एक शिपाई, आणि भावाच्या मागं भाऊ त्याच पलटणीत भरती होणार, ही रीतच होती. वडील पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले, तेव्हा पाण्याच्या रांगेत त्यांना त्यांचा सख्खा चुलता भेटला. ही गोष्ट त्यांनी घरात इतक्यांदा सांगितली, की माझी आई लढाईला मोठी जत्राच समजून बसली. जत्रेत माणूस चुकतं, पण घरचं कुणी शोधायला गेलं की सापडतं.

म्हणून ब्रह्मदेशात माझा थोरला भाऊ बेपत्ता झाल्याची तार आली, तेव्हा ती रडली नाही. मला म्हणाली, "तू जा. त्येच्याच पलटणीत नाव घाल आन घिऊन ये त्येला."

मला जायचं नव्हतं. मरणाची भीती वाटत होती, त्यात लाजायचं काय? सातवी पास झालो होतो, शाळामास्तर व्हायचं मनात होतं. त्यात बेचाळीस सालानंतरचे ते दिवस. माझ्या वयाची पोरं सरकारविरुद्ध रानोमाळ लपत फिरत होती. जिवाभावाच्या दोस्तानं तोंडावर सांगितलं, "त्येंची चाकरी धरलीस तर माझ्या दारात पाय ठिवू नगंस गड्या." त्याचं खरं होतं. पण त्याचा भाऊ घरी होता.

मी वडिलांना गोठ्यात गाठलं. म्हटलं, "आवं आबा, तुमी तरी समजवा की तिला. मला ब्रह्मदेशातच धाडतील कशावरनं? आन धाडलं तरी त्यो हाय कुठं?"

वडील बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "चुलता भेटला एवढंच सांगितलं रं मी तिला. फुडं चारच दिसांत गोळी लागून त्यो माझ्याम्होरं ग्येला, ह्ये कवा सांगितलंच न्हाई. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांचा इतका राग आला मला, की तिथून तडक घरात गेलो, आईला काय ते सांगून टाकायलाच. तर उंबऱ्याशी वहिनी थोरल्याच्या वहाणांना तेल लावत बसली होती. तिचं माहेर आष्ट्याचं. लग्नात तिच्या वडिलांनी जावयाला केलेल्या करकरीत वहाणा. थोरल्यानं त्या मांडवापुरत्या घातल्या आणि जपून ठेवल्या होत्या. तिनं त्या फडक्यात बांधून माझ्यापुढं ठेवल्या.

"भावजी, ह्या संगं न्या. येताना अनवाणी नगं."

तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मी तोंड उघडलं असतं, तर ते माझ्याच हातानं पुसल्यासारखं झालं असतं. फडकं उचललं आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन छाती मोजून दिली. यालाच लोक पुढं माझी हिंमत म्हणत आले.

मला धाडलं इटलीला. सातवीपर्यंत शिकल्याचा एवढाच उपयोग झाला, की नकाशा कळत होता. भाऊ उगवतीला, मी मावळतीला. तरी वहाणा सामानात बाळगल्या. तिथल्या ओलीनं त्यांना बुरशी धरायची, मी पुसून तेल लावायचो. थोरला भेटेल असं मला एक दिवसही वाटलं नाही.

लढाई संपली, मी घरी आलो. आई दारातच होती. तिनं आधी माझ्या मागं पाहिलं, वाटेवर, पार वळणापर्यंत. मग माझ्या हातातलं फडकं सोडलं, वहाणा उलट्या करून तळ बघितले. कोरेच होते. आत वहिनीचं जातं थांबलं.

"न्हाई भेटला, आये," मी म्हणालो.

आईनं वहाणा परत बांधल्या. माझ्या हातात दिल्या.

"मग तू कशाला आलास रं?" ती म्हणाली.