थोडक्यात सर खाली बसले

विद्यापीठात सगळे त्यांना ‘थोडक्यात सर’ म्हणत. अर्थात त्यांच्या पाठीमागे. सर भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. “थोडक्यात सांगायचं तर,” असं ते म्हणाले की जाणती मुलं पेनाला टोपण लावून टाकत, कारण आता तास संपेपर्यंत लिहून घेण्यासारखं काही येणार नाही हे त्यांना ठाऊक असे. माणूस सज्जन. आवाज खणखणीत. कुणावर कधी ओरडले नाहीत, कुणाचं वाईट चिंतलं नाही. शिकवणं तेवढं जमलं नाही, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःला सोडून सगळ्यांना माहीत होती.

एका वर्षी मात्र अख्खा वर्ग कुलगुरूंच्या दारात जाऊन उभा राहिला. “परीक्षेत खडकांचे प्रकार विचारलेत,” त्यांच्यातली एक धीट मुलगी म्हणाली, “आणि आम्हाला सरांच्या मेव्हण्याच्या घराचा पाया कसा खचला तेवढंच पाठ आहे.”

कुलगुरू पेचात पडले. कायम नोकरीतला माणूस काढता येईना आणि वर्गात ठेववेना. नेमकं त्याच सुमारास वरून फर्मान आलं होतं की प्राध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना शिकवायला शिकवणारं एक केंद्र प्रत्येक विद्यापीठात हवंच. कुलगुरूंनी एका दगडाखाली तक्रार आणि फर्मान दोन्ही दाबली. तिसऱ्या मजल्यावरची मोडक्या खुर्च्यांची खोली रिकामी झाली, दारावर ‘अध्यापन विकास केंद्र’ अशी पाटी लागली आणि आत संचालक म्हणून थोडक्यात सर बसले.

घरी त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा बायको भाजी निवडत होती. बाई दातांच्या डॉक्टर.

“म्हणजे आता तुम्ही इतरांना शिकवायला शिकवणार?” तिनं विचारलं.

“अनुभव लागतो त्याला,” सर म्हणाले.

“माझ्या पेशंटला निदान तोंड उघडं ठेवून ऐकावं लागतं. तुमच्यापुढे कोण बसणार?”

“सक्ती आहे,” सर समाधानानं म्हणाले.

सुरुवातीला आपल्याला बाजूला सारलंय अशी शंका त्यांच्या मनात आली होती. पण शंका त्यांच्याकडे फार दिवस मुक्कामाला राहत नसे. एका आठवड्याच्या प्रशिक्षणाला जाऊन ते परत आले ते रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे आणि बरेच नवे शब्द घेऊन. केंद्रात चाकांच्या खुर्च्या आल्या. गोलात बसायचं असा नियम झाला. पहिल्या कार्यशाळेचा विषय होता ‘व्याख्यानाकडून संवादाकडे’, आणि त्यावर सरांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अखंड व्याख्यान दिलं. रसायनशास्त्राचे एक वयस्कर प्राध्यापक झोपेत चाकांच्या खुर्चीसकट हळूहळू दाराकडे सरकत गेले. कुणी थांबवलं नाही. उलट काहींना हेवा वाटला.

संशोधक विद्यार्थ्यांना मात्र असं सरकण्याची सोय नव्हती. केंद्राचं प्रमाणपत्र मिळालं नाही तर हातातला वर्ग जाणार आणि वर्ग नाही तर विद्यावेतन नाही. त्यांच्यात एक मुलगी होती, बुरशीवर संशोधन करणारी. सगळे तिला बुरशी म्हणत आणि तीही हाक मारली की ओ देई. प्रयोगशाळेत हात सराईत, पण चार माणसांपुढे उभं राहायचं म्हटलं की पहिलं वाक्यच विसरे. पहिल्या वर्षाचा वर्ग तिच्या गळ्यात पडला तेव्हा ती धास्तावून सरांकडे आली.

“सर, कुणी प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही तर?”

“छान प्रश्न!” सर म्हणाले. “थोडक्यात सांगायचं तर…”

ती बाहेर पडली तेव्हा जिन्यातले दिवे लागले होते. उत्तर काय मिळालं असं मैत्रिणीनं विचारल्यावर ती म्हणाली, “माहीत नाही. पण सरांच्या मेव्हण्याचं घर आता पडायला आलंय.”

केंद्राचा आणखी एक रिवाज होता. नव्या शिक्षकाच्या वर्गात संचालकांनी जाऊन निरीक्षण करायचं. बुरशीच्या वर्गात सर आले, मागच्या बाकावर बसले, मान तिरकी करून पाहू लागले. तिनं टेबलावर पावाचे तुकडे मांडले होते. काही हिरवे पडलेले, काही काळे, एक नुसताच वाळलेला. आवाज पहिल्यांदा कापला. मग पावाकडे बघत बोलल्यावर जरा ठीक झाला. मुलं पुढे झुकली.

“मॅडम,” एक मुलगा म्हणाला, “या तुकड्यावर एका बाजूला हिरवी आलीय आणि दुसऱ्या बाजूला काळी. मग मधे त्या भांडतात का?”

वर्ग हसला. बुरशीनं तो तुकडा उचलून पाहिला. ज्याची भीती होती तेच पुढ्यात आलं होतं.

“या दोघींचं मला खरंच माहीत नाही,” ती म्हणाली. “पण भांडतात की नाही ते कसं बघता येईल?”

एकदम चार-पाच जण बोलायला लागले. एक म्हणाली, दोन्ही एकाच बशीत वाढवू. दुसरा म्हणाला, आधी वेगवेगळ्या वाढवायला हव्यात, नाहीतर कळणार कसं? ती फळ्याकडे वळली, आणि मागून खणखणीत आवाज आला.

“वा! थोडक्यात सांगायचं तर, प्रश्न विचारणं हीच शिक्षणाची…”

सर उठले होते. बाकांच्या मधून पुढे येत होते. बोलता बोलता ते जिज्ञासेवरून हिमयुगावर पोहोचले. मुलांनी पेनांना टोपणं लावली. पहिल्या बाकावरची दोघं हळूच दप्तर आवरू लागली. पाव टेबलावर तसाच पडून राहिला. बुरशी हातात खडू धरून उभी होती. तिचे कान लाल झाले होते.

“सर,” ती म्हणाली. सर बोलतच होते.

“सर, खाली बसा.”

आजवर सरांना हे कुणी म्हटलं नव्हतं. बायकोनंसुद्धा नाही, कारण ती सरळ उठून जात असे. सरांचं तोंड उघडंच राहिलं. आता आपण चिडायला हवं, असं त्यांना वाटलं असावं, पण तोवर पाय मागे वळले होते. ते जाऊन बाकावर बसले. बाक लहान होता. गुडघे अडकले.

“हं,” बुरशी मुलांना म्हणाली. “आधी वेगवेगळ्या वाढवायच्या. का?”

तास पुढे चालू राहिला. सरांना पहिला काही वेळ अपमानाशिवाय काही ऐकू आलं नाही. मग मुलांचा वाद त्यांच्या कानावर पडू लागला. मग, कधी ते त्यांनाही कळलं नाही, त्यांना काळी जिंकेल असं वाटायला लागलं. शेवटी तर त्यांनी हात वर केला.

“बोला,” बुरशी दबकत म्हणाली.

“काळी,” सर म्हणाले आणि गप्प बसले.

प्रमाणपत्र आता विसरायचं, असं धरून ती मुलगी दोन दिवस जेवली नाही. पण प्रमाणपत्र आलं. सरांनी त्या प्रसंगाचा उल्लेख कुठेच केला नाही. पुढच्या महिन्यात मात्र ‘शिक्षकाचं मौन’ या विषयावर त्यांनी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली आणि दोन्ही दिवस एकटेच बोलले. कुलगुरूंसमोर तर, ही मुलगी आपल्या पद्धतीचं फळ आहे, असं त्यांनी छाती फुगवून सांगितलं. बुरशी तिथेच होती. तिनं मान डोलावली. विद्यावेतन चालू होतं.

पण तिच्या तासाला ते येऊ लागले. मागच्या बाकावर बसत, काही लिहीत नसत. बशीत हिरवी जिंकली तेव्हा मुलं टाळ्या पिटत होती आणि सर खट्टू झाले होते. घरी जाऊन त्यांनी ते बायकोला सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे दोन वाक्यांत सांगितलं. तिला वाटलं, दाढ दुखतेय. तिनं त्यांना दिव्याखाली नेऊन तोंड उघडायला लावलं.

त्यानंतर त्या घरातल्या फ्रिजमध्ये जागा उरली नाही. अर्धी लिंबं, पावाच्या कडा, विसरलेला टोमॅटो, सगळ्यांवर सरांचं लक्ष.

“अहो, हे लिंबू टाकते मी,” बायको एका सकाळी म्हणाली.

“हात लावू नकोस. कालपासून त्याला निळसर कड आलीय.”

“वास येतोय त्याचा!”

सर दार उघडं धरून वाकले आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग घड्याळ पाहिलं, घाईघाईनं बॅग उचलली आणि केंद्रात निघून गेले. तिथे नव्या तुकडीला गोलात बसवून ठेवलं होतं, आणि आज तिला थोडक्यात लिंबाचं सांगायचं होतं.