काकांच्या पावडरीचा फेस

आमच्या शेजारच्या काकांसारखा कपडे धुण्याच्या पावडरींचा वैरी अख्ख्या माळव्यात दुसरा सापडायचा नाही. धारच्या एका शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून, निवृत्तीनंतर देवासला घर बांधून राहिलेला हा माणूस देवाधर्मात मवाळ, राजकारणात त्याहून मवाळ. पण टीव्हीवर पावडरीची जाहिरात लागली की ताडकन उठून उभा राहतो. मी शेजारच्या घरात सून म्हणून आले, त्या पहिल्याच आठवड्यात ते स्टीलचा डबा घेऊन हजर झाले. घरी केलेल्या पावडरीचा. "सूनबाई, विकतच्या पुड्यात अर्धा तर मीठच असतं," असं म्हणून त्यांनी सोडा, साबणाची वडी आणि रिठा यांच्यावर असं काही व्याख्यान दिलं, की माझा चहा गार झाला. ते गेल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, डबा ठेवून घे, नाहीतर रोज येऊन विचारतील. मी ठेवून घेतला, तरी ते रोज येऊन विचारायचेच.

पावडर करायचा दिवस म्हणजे त्यांच्या घरचं मोठं कार्य. सकाळपासून गच्चीवर जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर रिठ्याची पूड पसरलेली, आणि काका तोंडाला गमछा बांधून साबणाच्या वड्या किसत बसलेले. किसणी काकूंची, खोबऱ्याची. एका श्रावणात त्यांच्या नारळीभाताला साबणाचा वास आला, तेव्हापासून काकू खोबरं किसायला आमच्याकडे येऊ लागल्या. सोडा मात्र देवासचा चालत नसे. तो स्वस्त मिळतो म्हणून इंदूरच्या ठोक बाजारातून आणायचा. जाताना बस, तिथे रिक्षा, मग गेलोच आहोत तर दोन कचोऱ्या, आणि येताना पिशवी जड म्हणून पुन्हा रिक्षा. काकूंनी एकदा या खर्चाची आठवण करून दिली, तर काका म्हणाले की तो प्रवासाचा खर्च, त्याचा पावडरीशी काय संबंध.

पण काकांचा खरा अभिमान होता फेसाचा. घरच्या पावडरीला फेस येत नाही असं सगळं जग म्हणतं. यांच्या पावडरीला बादलीबाहेर जाईल इतका यायचा. धारला त्यांच्या भाचीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून लेस लावलेल्या पिशवीतून पावडरच दिली. कुणा उत्साही मुलीला ती रांगोळी वाटली, आणि तिनं मांडवाच्या दारात मोठं कमळ काढलं. वराची पावलं धुवायचं पाणी त्यावर सांडलं, पाठोपाठ वराचे मामा त्यावरून घसरले. सगळे मामांना उचलायला धावले. आमचे काका मात्र वाकून कमळ बघत होते आणि शेजारच्याला सांगत होते, "फेस बघा, भिया, फेस."

दोन वर्षांपूर्वी बंगळुरूला त्यांच्या मुलीला जुळ्या मुली झाल्या आणि काकू बाळंतपणासाठी गेल्या. तीन महिन्यांत येणार होत्या, त्या तिथेच अडकल्या. काकाही एकदा जाऊन आले, पण त्या फ्लॅटला गच्ची नव्हती, आणि वॉशिंग मशीनच्या मेकॅनिकनं घरची पावडर पाहून हात जोडले. काका आठ दिवसांत परत. मग इकडे हे एकटे, तिकडे काकू पोरींमागे. काकांना काकू घरी हव्या होत्या, हे आमच्या गल्लीतल्या गाईलाही कळत होतं. पण हे "ये" म्हणायचे नाहीत आणि त्या "येऊ का" विचारायच्या नाहीत. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर, आणि आमच्या गच्च्या एकमेकींना लागून. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. जेवलात का, जेवलो, औषध घेतलं का, घेतलं, ठेवू का, ठेव. मिनिटभरात आटपायचं.

आणि मग फेस गेला. काकू गेल्यानंतरच्या पहिल्याच पावडरीला बुडबुडासुद्धा येईना. त्या संध्याकाळी फोन अर्धा तास चालला. काकूंनी रिठे बदलायला सांगितले. दुसऱ्या दिवशी रिठे बदलले, तरी नाही. मग वडी बदलली, बोरिंगचं पाणी सोडून टँकरचं घेतलं, पाणी उकळून पाहिलं. रोज नवा प्रयोग आणि रोज नवी तक्रार. इतकं बोलणं त्यांच्यात चाळीस वर्षांच्या संसारात झालं नसेल.

मला खरी गोष्ट कळली ती कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याकडून. तो म्हणाला, "भाभीजी, काकीजी तो हमेशा झागवाला पाउच ले जाती थीं। कहती थीं, भिया, मास्साब को मत बताना।" म्हणजे काकू इतकी वर्षं काकांच्या प्रत्येक डब्यात चोरून विकतची पावडर मिसळत होत्या. मला हसू आवरेना, आणि मग काकांची फार दया आली. त्या उकळत्या पाण्याच्या बादल्या आठवून मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

काका शांतपणे वडी किसत होते. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "ती गेली त्याच हफ्त्यात त्या किराणेवाल्या सेठनं मलाही सांगितलं. त्याच्या पोटात काही राहतं का?"

"मग काका, एक पाउच आणून टाका ना."

"टाकला तर फेस येईल. मग संध्याकाळी तिला फोन करून बोलू काय?"

मी घरी येऊन उगाचच भांडी घासत बसले.

गेल्या महिन्यात मी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होते. पलीकडे काका नेहमीप्रमाणे सोड्याची तक्रार सांगत होते, इतक्यात काकूंनी त्यांना मध्येच थांबवलं.

"अहो, ऐका. मला आता राहवत नाही. तुमच्या पावडरीत मी विकतची मिसळत होते. पहिल्यापासून. तुम्ही किती आनंदानं करायचात, म्हणून. आता त्या बादल्या नका उचलू, कंबर धरेल तुमची."

मला वाटलं, काका आता आश्चर्याचं नाटक करतील. पण त्यांनी फक्त कठड्यावरचा फोन उचलून हातात घेतला.

"रागावलात का?" काकूंनी विचारलं.

"नाही गं," काका म्हणाले. "पण मग उद्यापासून आपण बोलायचं काय?"

तिकडे मागे एक पोरगी रडत होती, तिला कुणीतरी उचलून नेलं. काकांनी फोन तोंडाजवळ धरला आणि, बहिरी माणसं बोलतात तसं, मोठ्यानं म्हणाले, "तू ये. मला करमत नाही इथे."

"हे दोन वर्षांत आज म्हणालात," काकू म्हणाल्या. "येईन हो. पण पोरी शाळेत जायला लागू द्या. आता सोडून आले तर लेकीचं कसं व्हायचं?"

काका "हो" म्हणाले. आणखी काय म्हणणार.

पोरी शाळेत जायला अजून अवकाश आहे. रोज संध्याकाळी काका खुर्ची घेऊन गच्चीवर बसतात, कठड्यावर फोन ठेवतात. तिकडे काकू पोरींना वरणभात भरवत असतात, ते ऐकू येतं. बोलणं फारसं नसतं. मी कपडे काढून खाली येते, तरी फोन चालूच असतो.