माऊसचा दिवा आणि साळवे मॅडम

साळवे मॅडमना कुणी "समजून घ्या" म्हटलं की त्या जिथं असतील तिथं बसायच्या. पंचायतीच्या कचेरीत, बँकेत, एकदा तर वरवंडच्या एसटी स्टँडवर कंडक्टरसमोर, पिशवीवर. बसायच्या आणि म्हणायच्या, "बसले. सांगा आता. काय समजून घिऊ?" समोरचा गडबडायचा. आपल्याकडं "समजून घ्या" म्हणजे "गप्प बसा आणि जा", हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण तो अर्थ मान्य करायला त्यांनी आयुष्यभर नकार दिला. मी त्यांच्याबद्दल लिहितोय ते मुख्यतः या नकाराबद्दल.

गावाचं नाव लिहीत नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर वरवंड आणि भांडगावच्या आसपासचं एक गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर बाकीची गावं म्हणतील, आमच्यात असलं काही नसतं. आमची बौद्ध वस्ती ओढ्याच्या पलीकडं. रजनी साळवे तिथं सून म्हणून आल्या. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये. त्यांनी स्वतः दौंडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि तो केल्याची मिजास होती. लाजऱ्याबुजऱ्या अजिबात नव्हत्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "आगं, हळू बोल जरा." त्यावर त्या म्हणायच्या, "हळू बोललेलं पलीकडच्या आळीत ऐकू जात न्हाई."

पुण्यातल्या एका कचेरीनं काढून टाकलेले चार कॉम्प्युटर वस्तीतल्या आमच्या संघटनेला मिळाले. ते वस्तीच्या समाजमंदिरात मांडून मॅडमनी वर्ग सुरू केला. मी तेव्हा संघटनेची पत्रकं लिहायचो. पहिल्या दिवशी माझं पत्रक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "पत्रकवाले, उद्गारचिन्हांचा सेल लागला हुता का?" तेव्हापासून मी पत्रकवाला झालो. वर्गात मुलीच जास्त. मुलांना हायवेवर, कंपनीत काहीतरी मिळायचं. मुलींना खुरपणी, नाहीतर लग्न. मॅडमचं गणित साधं होतं: टायपिंग येणारी पोरगी दौंडला कुठंही टेकते, आणि टेकली की तिचं लग्न दोन-चार वर्षं तरी लांबतं.

एका संध्याकाळी वर्ग सुटताना सोनाली नावाच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर तर बंद केला. मग माऊसखाली लाल दिवा का जळतोय?" खरंच जळत होता. चारातल्या दोन नव्या कॉम्प्युटरना यूएसबीचे, पोटात लाल दिवा असलेले माऊस होते. स्क्रीन काळी, पंखा थांबलेला, आणि टेबलावर तो लाल उजेड. मॅडमनी माऊसची वायर काढून परत लावली. पुन्हा दिवा. म्हणाल्या, "ठाऊक न्हाई. तुला न्हाई, मलाबी न्हाई. शोधू." हे "ठाऊक न्हाई" त्या ठणकावून म्हणायच्या, जसं दुसरा कुणी पदवी सांगेल.

तोच उजेड त्या रात्री खिडकीतून कुणीतरी पाहिला. सकाळी आप्पा हजर. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीत त्यांचा शब्द, पंचायतीत त्यांचा माणूस. बरोबर चार जण.

"ताई, राती खोलीला कुलूप, कॉम्प्युटर बंद, आन् आत लाल दिवा. ही लाईट येतीय कुठनं?"

"मलाबी तेच पडलंय," मॅडम म्हणाल्या. "आजून ठाऊक न्हाई. दौंडच्या मेकॅनिकला इचारणार हाय."

झालं! "मॅडमलाच ठाऊक न्हाई!" हे वाक्य दुपारपर्यंत गावभर. आणि त्याच्या शेपटाला दुसरं: वस्तीवाल्यांनी तारेवर आकडा टाकलाय. आकडा म्हणजे खांबावरच्या तारेला वायर अडकवून वीज चोरायची. हा आरोप कोण करत होतं? ज्यांच्या विहिरीवरचा आकडा दिवसाढवळ्या लोंबतो आणि ज्याच्याखालून वायरमन मान खाली घालून जातो, ते! प्रामाणिक माणूस "माहीत नाही" म्हणाला की तो चोर, आणि चोर खात्रीनं बोलला की तो साहेब. पंचायतीनं समाजमंदिराला कुलूप ठोकलं. ग्रामसभा होईपर्यंत. मंदिर वस्तीचं, पण सरकारी निधीतलं, म्हणून चावी पंचायतीकडं. हा कायदा आम्हाला त्या दिवशी समजला.

मॅडम रडल्या नाहीत. दौंडला गेल्या, मेकॅनिकच्या दुकानात ठाण मांडून बसल्या, त्याच्याकडून तिथलाच एक कॉम्प्युटर उघडून घेतला आणि परत आल्या त्या हसतच. वस्तीतल्या ओट्यावर मुलींना गोळा केलं.

"पुढचं बटन दाबलं की आपण म्हणतो कॉम्प्युटर बंद झाला. व्हय?"

"व्हय."

"न्हाई झाला. ते बटन म्हंजी नुसता निरोप. 'आता झोप' आसा. वीज तोडायचं बटन भिंतीत हाय. ते चालू आसंल तर आतला पॉवर सप्लाय थोडीशी वीज, पाच व्होल्टची, कायम चालू ठिवतो. का? तर उद्या पुढचं बटन दाबल्यालं त्याला कळाय पायजे. पार मेला तर निरोप घील कोण? आन् हीच वीज काही कॉम्प्युटरात यूएसबीच्या खाचंलाबी जोडल्याली आसती, म्हंजी कीबोर्डवरनं नायतर माऊस हलवून त्याला उठवता यावं. म्हणून दिवा. मेकॅनिक म्हणला, काही बोर्डात ही जोडणी बंदबी करता येती."

सोनाली म्हणाली, "म्हंजी झोपलाय, पण एक कान उघडा."

"शाब्बास. माझ्या सासूगत." सासू मागंच बसलेली होती. ती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

ग्रामसभेत मॅडमनी भाषण केलं नाही. म्हणाल्या, "हितं बोलून उपेग न्हाई. चला समाजमंदिरात. हात लावून बघा, चावत न्हाई." लोकांना तमाशा हवाच होता, निघाले. कुलूप उघडलं गेलं. वीजमीटर बाहेरच्या भिंतीवर, जुना, आत चकती फिरणारा. मॅडमनी पंचायतीच्याच वायरमनला मीटरसमोर उभं केलं. आमचा माणूस उभा केला असता तर खोटा ठरला असता.

आत भिंतीवरची बटणं चालू, कॉम्प्युटर सगळे बंद, दोन माऊस लाल.

"चकती काय करती वो?" मॅडमनी आतून विचारलं.

"हलतीय. लई हळू, पण हलतीय."

सोनालीनं भिंतीवरची बटणं बंद केली. लाल दिवे क्षणभर रेंगाळले आणि गेले.

"थांबली!" वायरमन ओरडला. त्याला स्वतःलाच इतका आनंद झाला की आप्पांनी त्याच्याकडं वळून पाहिलं.

मॅडम दारात आल्या. "आकड्याची वीज मीटरातनं जात न्हाई, म्हणून तर लोक आकडा टाकत्यात. आमचा दिवा लागला की मीटर फिरतोय. म्हंजी त्या लाल ठिपक्याचंबी बिल आमी भरतोय. आप्पा, तुमाला फिरणारी चकती बघायची सवय न्हाई, त्याला आमी काय करावं?"

माणसं हसली. आप्पांच्या आळीतलीही हसली. मला वाटलं, जिंकलो.

आप्पाही हसले. पुढं आले, हात जोडले. "ताई, सगळं पटलं. तुमी हुशार हाय. पण गावात दोन तट नकोत. इषय थंड होईस्तोवर कुलूप राहू द्या. समजून घ्या."

मॅडम उंबऱ्यातच बसल्या. "बसले. सांगा. चोरी न्हाई हे पटलं, तर कुलूप कशाचं?"

आप्पांना उत्तराची गरज नव्हती. चावी होती. वस्तीतल्याच दोन जाणत्यांनी मॅडमना हाताला धरून उठवलं आणि कुलूप पुन्हा लागलं. आत आमचे चार कॉम्प्युटर.

पुढं काही शहाणे म्हणाले, तो चकतीचा टोमणा मारायला नको होता, तिथं बिघडलं. खोटं आहे. कुलूप टोमण्याच्या आधीचं होतं. टोमणा नसता तर दुसरं कारण निघालं असतं.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा: 'अज्ञानाच्या अंधाराला आव्हान!' मॅडमनी वाचलं, पेन मागितलं आणि 'अज्ञान' शब्दावर काट मारली.

"अज्ञान कुणाचं रं? वायरमनला कळलं, आप्पाला कळलं, अख्ख्या गावाला कळलं. कळल्यावरबी कुलूप लावलं. अज्ञान म्हणून त्यांना माफी देतोयस तू."

मी पत्रकात कितीतरी वर्षं हाच शब्द वापरत आलो होतो. शिक्षण आलं की सगळं सरळ होईल, असं आम्हाला शिबिरांत शिकवलेलं. बाईनं एका रेघेत ते मोडलं. त्यानंतर मी तो शब्द सहज लिहिलेला नाही.

कुलूप निघालं नाही. अर्ज केले, तालुक्याला गेलो, "समजून घ्या" ऐकून आलो. मॅडमनी वर्ग स्वतःच्या ओट्यावर भरवला. फरशीवर खडूनं कीबोर्ड काढायच्या, मुली त्यावर बोटं आपटायच्या. पाऊस आला की अक्षरं वाहून जायची, मग परत काढायच्या. मला ते चित्र सुंदर वगैरे वाटत नाही. पन्नास पावलांवर खरे कीबोर्ड धूळ खात असताना मुलींनी फरशीवर बोटं आपटावीत, हे ज्याला सुंदर वाटतं त्यानं स्वतःच्या लेकीला तिथं बसवून बघावं.

दोन पावसाळ्यांनंतर मॅडम काविळीनं गेल्या. दौंडच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

शोकसभेला आप्पा आले. पांढरी टोपी, गंभीर चेहरा. माईक घेतला आणि म्हणाले, "रजनीताईंनी गावात कॉम्प्युटर आणला. गरिबाच्या लेकींना उजेड दाखवला. गाव त्यांचं ऋणी हाय." मी उठणार, तेवढ्यात बायकांमधून सोनाली उठली.

"आप्पा, चावी कुठंय?"

"बाळ, ही येळ हाय का?"

"तुमीच म्हणला कॉम्प्युटर आणला. कुठं हाय मग तो? चावी द्या."

"पुढच्या मीटिंगला बघू."

सोनाली बसली नाही. चपला घालून बाहेर पडली. तिच्यामागं वर्गातल्या मुली, त्यांच्या आया, आणि मॅडमची सासू. मांडव अर्धा रिकामा झाला. समाजमंदिराच्या दारात कुणीतरी घण आणला. कुलूप दणकट होतं, पण दाराची फळी कुजलेली. तिसऱ्या घावाला कोयंडा स्क्रूसकट उपटून आला. धावत आलेले आप्पा धापा टाकत म्हणाले, "पोरी, कायदा हातात घेतीयास!"

सोनालीनं हात वर केला.

"कायदा न्हाई आप्पा. कोयंडा घेतलाय."