ढोलीपुढची फांदी

कावळ्याने पिल्लू ढोलीतून ओढून काढलं तेव्हा मी ऐनाच्या झाडाखाली उभी होते. दगड मारला. लागला नाही. रानपिंगळ्यांची जोडी ओरडत त्याच्यावर झेपावत होती, पण कावळे तीन होते. मी दुसरा दगड उचलला, तर मागून आवाज आला, "आजी, जरा बाजूला व्हा ना."

फोटो काढणारी बाई होती. तिचा कॅमेरा चालूच होता.

ढोलीपुढची फांदी नाही, हे मला तेव्हा दिसलं. आदल्या संध्याकाळी होती. आता ती खाली पडली होती, हिरव्या पानांसकट.

ही बाई तीन हिवाळे सायवनला माझ्याकडे येत होती. माझ्या ओटीवर झोपली, माझ्या हातची नाचणीची भाकरी खाल्ली. रानपिंगळा म्हणजे दिवसा फिरणारं लहान घुबड. गावात त्याचं ओरडणं कोणाला आवडत नाही. मला चालतं, ते शेतातले उंदीर खातं. हा पक्षी आपल्या देशातल्या थोड्याच रानांत आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे तिनेच मला सांगितलं. मी चौथी शिकलेली, मला कुठून कळणार? पण ढोली मी दाखवली तिला. गावात कोणाला दाखवली नव्हती.

आमच्याकडे राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात. पाला शेतात पसरून जाळायचा, त्या जागी भाताची रोपं करायची. बांधावरचे सगळे ऐन दरवर्षी बोडके होतात. हा एक मी सोडला होता. पहिल्याच वर्षी ती म्हणाली, "ही एक फांदी काढली तर ढोली पूर्ण दिसेल." मी म्हटलं, "तू आत काय करतेस ते बघायला तुझ्या घराची भिंत पाडू का?" ती हसली. पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, समजली.

धाकटा दीर आरडाओरडा ऐकून धावत आला.

"फांदी कोणी तोडली?"

"मीच, वहिनी. राबाला."

"मग इथेच कशी पडली? तुझा राब झाडाखाली भाजणार का?"

तो खाली बघायला लागला. "ह्या बाई सकाळी घरी आल्या. म्हणाल्या, आजीने हो म्हटलंय. तुझं नाव घेतलं म्हणून कुऱ्हाड उचलली."

मी बाईकडे वळले. तिने आता कॅमेरा खाली घेतला होता. रडत होती.

"आजी, असं होईल असं मला वाटलं नव्हतं."

"मला वाटलं होतं. म्हणून तर नको म्हटलं होतं."

ती पडलेली फांदी उचलू लागायला पुढे आली. मी म्हटलं, "तू तुझी पिशवी उचल."

दिराने वर चढून तीच फांदी सुंभाने परत जागेवर बांधली. मी खालून दगड मारत राहिले. पुढचे पंधरा दिवस मी भाकरी त्या झाडाखालीच खाल्ली. पानं वाळली, तरी आडोसा राहिला.

बाई पुन्हा आली नाही. दिराशी मी अजून बोलत नाही.

ढोलीत पिल्लं दोन होती. एक वाचलं.