मिठाला पाणी सुटलं

भाईंदर पश्चिमेच्या मार्चला आपण नक्की कोण आहोत हेच ठाऊक नसतं. सकाळी धुकं, दुपारी भट्टी, संध्याकाळी खाडीवरचा गार वारा आणि मनात आलं तर ढग. एकाच दिवसात आमच्याकडे स्वेटर, छत्री आणि फुल्ल पंखा, सगळं व्हायचं.

अशा गुणी महिन्यात आईला साबुदाण्याच्या पापड्या घालायच्या होत्या. बहिणीला आठवा महिना लागलेला आणि तिला आईच्याच हातच्या हव्या होत्या. गच्ची आमच्या वर एकच मजला, पण तिथे लिफ्ट जात नाही आणि गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी आईला जिने बंद केलेले. त्यामुळे घाम गाळायचं काम माझ्याकडे, हुकूम सोडायचं तिच्याकडे.

आईची वेधशाळा ओट्यावर होती. सकाळी बरणीतलं मीठ चिमटीत धरून बघायचं. कोरडं असेल तर पापड्या, ओलसर असेल तर सुट्टी. मी पडलो शिकलेला माणूस. माझ्या फोनमध्ये तासातासाचं हवामान होतं.

"मिठाला पाणी सुटलंय," त्या दिवशी ती म्हणाली. "आज नको घालूस."

"आई, फोन दिवसभर ऊन दाखवतोय. मिठाचं काय घेऊन बसलीस?"

तिने बरणीचं झाकण लावलं. मी गच्चीभर प्लास्टिक अंथरून पळीपळीने पापड्या घातल्या आणि मोठ्या ऐटीत हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत, गाळ्यावर कामाला गेलो.

तीनच्या सुमाराला गाळ्याच्या पत्र्यावर ताशा वाजायला लागला. मी फोन बघितला. फोनमध्ये लख्ख ऊन होतं. आईला लावला, तर ती उचलेना. रिक्षाने घरी पोचेपर्यंत पाऊस थांबून पुन्हा ऊन पडलं होतं, जसं काही झालंच नाही. दार नुसतं लोटलेलं. आई घरात नव्हती.

ती गच्चीच्या जिन्यात, सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. पदरापासून पायांपर्यंत भिजलेली. मांडीवर प्लास्टिकची गुंडाळी आणि तिच्यात पापड्यांचा चिकट लगदा. चढताना कशीबशी चढली होती, उतरताना गुडघा वाकेना. तासभर ती तिथेच होती. मला माझीच लाज वाटली.

तिने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"विचार त्याला," ती म्हणाली, "मी आता खाली कशी उतरू?"