हिरामावशीचं कालयंत्र

वाळवायला दोरीवर बोंबील घालताना हिरामावशी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायची. एक दोरीच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. मी एकदा घाईत एकच ओढला, तर त्याचा जोडीदार वाळूत पडला. "एकाला हात लावलास ना, दुसरा पडनारच," असं म्हणत तो तिने माझ्याकडूनच धुवून घेतला.

डहाणूला आमची घरं शेजारी. मी मोबाइलवर ऐकायच्या रहस्यमालिका लिहितो आणि मावशी माझी पहिली श्रोता. तलासरीच्या बाजाराला निघालेली असली, तरी माशांची पाटी खाली ठेवून ऐकायची. तोंड मात्र बंद ठेवणं तिला कधी जमलं नाही. माझा नायक कालयंत्रात बसला, तेव्हा तिने विचारलं, "ता यंत्र डिझेलवर चालता काय रे? मग परवडनार नाय त्याला." मी चिडलो की ती आणखी खुलायची.

शेवटच्या भागात त्या यंत्रातून नायिकेला एकदाच भूतकाळात मागे जाता येणार होतं. तिची गोष्ट मी मावशीचीच घेतली होती, तिला विचारून. खूप वर्षांपूर्वी मावशीचे यजमान, गोविंदकाका, समुद्रावरून येऊन नुकते जेवायला बसले होते. बाहेर वादळी वारा. तेवढ्यात आळीतल्या लहानूच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडल्याची बातमी आली. आमच्याकडे दुसऱ्याची होडी अडकली की जेवणच काय, भांडणसुद्धा बाजूला राहतं. काका भरल्या ताटावरून उठले. लहानू आणि त्याचे खलाशी वाचले. त्यांच्या होडीला दोर बांधताना काका पाण्यात पडले, ते परत आलेच नाहीत.

"मावशी, तू मागे गेलीस तर काय करशील?"

"दारात आडवी पडेन," ती ताडकन म्हणाली. "जाऊच देनार नाय. लहानूचा लहानू बघील."

शेवट सापडला म्हणून मला हायसं वाटलं. तसाच शेवट लिहून मी तिला वाचून दाखवायला बसलो, तोच लहानूची मुलगी प्रतीक्षा कालवणाचा डबा घेऊन आली. मावशीच्या केसांना तेल लावलं, औषध घेतलं नाही म्हणून तिला रागावली आणि गेली. लहानूचं लग्न त्या वादळानंतरचं. मावशी दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बंद कर ता."

त्यानंतर तिने अबोलाच धरला. तिची बडबड नसली की आमची सगळी आळी मला ओसाड वाटायची.

एका सकाळी बोंबील घालता घालता ती आपणहून बोलली. "शेवट बदल तुझा. मी मागं जाईन, पन दार नाय अडवायची. बातमी यायच्या आधीच ताट वाढीन. पोटभर जेवून जाऊ दे त्याला. उपाशी गेला रे माझा मानूस."

मला रडू आवरेना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिकडं हो जरा. बोंबलांना मीठ लावत नाय आमी."

मी तोच शेवट ठेवला. तो लहानूच्या घरी सगळ्यांनी ऐकला.

गेल्या थंडीत मावशी गेली. पोटी मूल नव्हतं, सगळं लहानूने केलं. बाराव्याला प्रतीक्षाने मावशीच्या पानाशेजारी आणखी एक ताट मांडलं. तिने आधी काकांना वाढलं.