राऊत सर आणि हारुकोकाकींचं जपानी

केळं अर्धं सोलून राऊत सर हात थांबवायचे आणि विचारायचे, "आता काय म्हणशील?" वसईतल्या त्यांच्या जपानीच्या वर्गात माझी पहिली परीक्षा अशीच झाली. उत्तर चुकलं आणि केळंही सरांनीच खाल्लं. क्रिया चालू आहे, संपली आहे, की संपून तिचा परिणाम मागे उरला आहे, हे जपानी क्रियापदं कशी सांगतात, यावर सर पन्नाशी उलटली तरी पीएचडी करत होते. "पुस्तकातलं वाक्य मेलेलं असतं, माणसाच्या तोंडचं आण," हे त्यांचं पालुपद.

सरांचं ते माणूस म्हणजे वसईजवळच्या वटार गावच्या हारुकोकाकी. बोटीवरच्या इंजिनिअरशी लग्न करून तरुणपणी जपानहून आलेल्या, आता एकट्या. दर रविवारी सर त्यांच्या वाडीत जायचे, कधी मलाही न्यायचे. काकी बादली भरता भरता थांबायच्या, सर विचारायचे, काकी जपानीत सांगायच्या. आपल्या बोलण्याचं पुस्तक होणार, हे त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलं होतं.

प्रबंध परत आला. परीक्षकांचं म्हणणं होतं की ही वाक्यं जपानी माणसाला खटकतात. इतकी वर्षं मराठीत राहून बाईंची भाषा मराठीच्या वळणावर गेली आहे. मुंबईतली जपानी माणसं गाठून वाक्यं बदला, पदवी मिळेल. सरांनी प्रबंधच मागे घेतला. मी चिडलो, भांडलोही.

"काकींचं चुकलं, असं मी कुठल्या तोंडाने लिहू?" सर म्हणाले. काकींना यातलं काही सांगायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली आणि रविवार चालू राहिले.

मग एकदा व्हिडिओ कॉलवर काकींच्या जपानमधल्या भाचीने हसत हसत सांगितलं, मावशी, तू परक्या माणसासारखं बोलतेस. त्या रविवारी काकींनी चहाही टाकला नव्हता.

"मास्तर, खरं सांगा. माझी भाषा बिघडली काय?"

पुराव्याशिवाय एक अक्षर न बोलणारे सर जमिनीकडे बघत म्हणाले, "नाही, काकी."

सरांना खोटं बोलता येत नाही, हे आम्हा तिघांनाही त्या क्षणी कळलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. काकी उठल्या, दोन पेले भरून आणले. "ऊन हाय, पानी घ्या," म्हणाल्या.

त्यानंतर त्या सरांशी मराठीतच बोलल्या. त्या वारेपर्यंत सर दर रविवारी जात राहिले. आम्हा शिकाऊ पोरांना सोडलं तर साऱ्या वसईत काकींशी जपानीत बोलू शकणारं दुसरं कोणी नव्हतं.